बदली पाटलीण

पंचफुला माळीण सकाळी टोपली डोक्यावर घेऊन हिवरीच्या गल्लीत उतरली की गावातले कोंबडे गप्प होत. आपलं काम कुणीतरी जास्त चांगलं करतं आहे, हे त्यांनाही कळत असावं. “काटेरी वांगे घ्या वं” एवढेच तिचे शब्द. पण ते वेशीपाशी म्हटले तर गावाच्या दुसऱ्या टोकाची सून चुलीपुढून उठे आणि पाळण्यातलं लेकरू दचकून जागं होई. रिसोडचा बाजार हिवरीहून कोसभर. वारा त्या बाजूचा असला की नथ्थूला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मळ्यात बसल्या बसल्या वांगी संपली की उरली ते कळतं, असं लोक म्हणत. नथ्थू त्यावर काही म्हणत नसे. तो कशावरच काही म्हणत नसे. अकराव्या वर्षी ती मानोऱ्याकडून लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघांच्या वाटचं बोलणं तिने एकटीने उचललं, आणि पुढे कधी खाली ठेवलं नाही.

अशा बाईच्या घरात एक गोष्ट मात्र कुणी मोठ्याने बोलत नसे. तिचा एकुलता मुलगा रामकिसन, त्याची बायको अंजना. अंजनाची दोन बाळंतपणं झाली होती. दोन्ही लेकरं चांगली गुटगुटीत, आल्याबरोबर टाहो फोडणारी. सहाव्या दिवशी त्यांनी दूध ओढणं सोडलं, जबडा आवळला, इवलंसं अंग कमानीसारखं ताठ झालं, आणि आठव्या दिवशी ती गेली. दोन्ही वेळा आठव्याच दिवशी. सटवीनं नेली, असं गोमतीबाई सुईण म्हणाली, आणि सटवीच्या येण्याजाण्याविषयी हिवरीत गोमतीबाईपेक्षा जास्त माहिती कुणालाच नव्हती. आता अंजनाला तिसऱ्यांदा सहावा महिना लागला होता. ती दारात बसून बोटांची पेरं मोजत राही. ते दिसलं की पंचफुला नेहमीपेक्षा लवकर टोपली उचलून बाहेर पडे.

हे सदतीस सालचं. त्याच पौषात सरकारला खेड्यांची आठवण झाली. सरकारला अशी आठवण अधूनमधून येई, आणि आली की तिचा कागद निघे. मागल्या खेपेला कागद निघाला तेव्हा सगळ्या पाटील-पटवाऱ्यांना रिसोडच्या शाळेत चार दिवस बसवून खताचा खड्डा कसा खणावा ते शिकवलं होतं. पाटील शिकून आले आणि त्यांनी गावोगाव एकेक सुरेख चौकोनी खड्डा खणवला. साहेब यायचा असला की त्याच्या कडा शेणाने सारवत, आणि साहेब गेला की पोरांना ताकीद देत की त्यात कचरा टाकायचा नाही, पुढच्या वेळी लागेल.

या खेपेचा कागद जास्त कठीण होता. गावात बाळं मरतात, ती मरू नयेत म्हणून काय करावं याचा सहा दिवसांचा वर्ग भरणार होता, आणि त्याला पाटलांनी स्वतः यायचं नव्हतं. आपल्या कुटुंबाला पाठवायचं होतं. गाव पाटलिणीचं ऐकतं, तेव्हा पाटलीण शिकली की गाव शिकलं, असा हिशोब नागपूरच्या कुणीतरी टेबलाशी बसून मांडला होता. हिशोब चांगला होता. फक्त त्या माणसाने वऱ्हाडातली पाटलीण कधी पाहिली नव्हती. अर्थात, तशी ती कुणीच पाहिली नव्हती.

हिवरीचे पाटील मारोतराव देशमुख. त्यांच्या घरात पडदा होता. मनकर्णाबाई लग्न होऊन आल्याला सोळा वर्षं झाली होती, आणि या सोळा वर्षांत गावाने त्यांचं काही पाहिलं असेल तर पडदा लावलेली बैलांची दमणी माहेरच्या वाटेने जाताना उडालेली धूळ. त्यांना रिसोडच्या शाळेत बाकावर बसवायचं म्हणजे मारोतरावांच्या मते मिशी उतरवून तहसीलदाराच्या टेबलावर ठेवण्यासारखं होतं. न पाठवावं तर नावापुढे शेरा पडणार. दोन रात्री ते तळमळले. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून हाक आली, आणि त्यांना एक साधी गोष्ट सुचली. जिचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, ती कोणीही असू शकते.

त्यांनी पंचफुलेला मागच्या दाराने आत बोलावलं. सहा दिवस दमणीत बसून जायचं, मनकर्णाबाईंचं लुगडं नेसायचं, वरून शाल घ्यायची, पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. वांगी सहाही दिवस पाटलाच्या घरी घेतली जातील.

पंचफुला म्हणाली, बाकी सगळं जमेल, पण सहा दिवस न बोलून आपल्याला काही झालं तर जबाबदार कोण. पाटलांनी तिला तिच्या मळ्यातल्या विहिरीची शपथ घातली की ही गोष्ट कुणाजवळ फुटायची नाही. तिने शपथ घेतली. खरं तर तिला एवढंच पाहायचं होतं की ज्या रस्त्याने आपण वीस वर्षं डोक्यावर ओझं घेऊन चाललो, तो रस्ता दमणीतून कसा दिसतो. पहिल्या दिवशी तिला कळलं की तो दिसत नाही. पडदा असतो.

वर्ग मुलींच्या शाळेत होता. मुलींना सुट्टी दिली होती, त्यामुळे शिक्षणाची सुरुवात तरी आनंदाने झाली. नागपूरहून आलेल्या नर्सबाई ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या आणि भलत्याच मन लावून शिकवणाऱ्या होत्या. त्यांच्याजवळ एक काळी ट्रंक आणि एक रबरी बाहुली होती. पुढ्यात अकरा गावांच्या अकरा पाटलिणी सतरंजीवर बसलेल्या, शाली पांघरून, पदर ओढून, एका ओळीत ठेवलेल्या अकरा कणग्यांसारख्या. नर्सबाईंनी नावं विचारली. कणग्यांनी माना हलवल्या.

पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी सांगितलं की प्रत्येकीने बाहुलीला आंघोळ घालून दाखवायची. पहिल्या पाटलिणीने बाहुली अशी उचलली, मांड्यांवर अशी आडवी घेतली, मानेखाली असा हात दिला आणि पाणी असं सरसर ओतलं, की नर्सबाई पाहतच राहिल्या. दुसरीनेही तसंच. पंचफुलेने तर घालता घालता बाहुलीच्या नाकात दोन थेंब तेल सोडायचा अभिनय केला. अकरा जणींपैकी दोघींनाच ते जमलं नाही. त्यांनी बाहुली दोन बोटांत धरली, ती घसरून घमेल्यात पडली, आणि त्या रडवेल्या झाल्या. नर्सबाईंनी वहीत लिहिलं की बहुतेक पाटलिणी गृहकृत्यात अतिशय निपुण आहेत.

पंचफुलेला मात्र शंका आली. तिने मान खाली घातली, म्हणजे ती आधीच खाली होती, फक्त आता तिने नीट पाहिलं. पदर तोंडाला असतो, टाचेला नसतो. सतरंजीच्या कडेला बावीस पावलं ओळीने दिसत होती. एकीच्या बोटांच्या फटींत निळा रंग बसलेला, ही रंगारीण. एकीचे तळवे पाण्याने पांढरेफटक पडलेले, ही परटीण. बाकीच्यांच्या टाचांना शेतात चालून चालून पडलेल्या भेगा. अठरा पावलं कामाची होती आणि फक्त चार पावलं लोण्यासारखी, त्या दोघी बाहुली पाडणाऱ्यांची. दुपारी नर्सबाई जेवायला गेल्या तेव्हा पंचफुलेने शेजारच्या कणगीला कोपराने ढोसलं.

“काय वं, तू कोन्या गावची पाटलीन?”

शालीतून आवाज आला, “तू ज्या गावची हायेस ना बाई, त्याच्याच शेजारची.”

मग अकराच्या अकरा जणी अशा हसल्या की बाहेर दमणीपाशी निजलेले गडी उठून बसले. त्या दोन खऱ्या पाटलिणीही हसल्या. लग्न झाल्यापासून त्यांना एवढ्या बायका एका ठिकाणी कधी भेटल्या नव्हत्या. तिथून पुढे वर्ग मजेत चालला. नर्सबाई आत आल्या की कणग्या, बाहेर गेल्या की बाजार.

पाचव्या दिवशी मात्र हसू थांबलं. नर्सबाईंनी फळ्यावर नाळ काढली आणि सांगितलं की बाळ आठव्या दिवशी का मरतं. त्यांनी नेमका तोच शब्द वापरला, आठवा दिवस. जबडा आवळतो, म्हणाल्या, दूध ओढवत नाही, अंग ताठ होतं. पंचफुलेने पदर बोटभर वर करून नर्सबाईंकडे पाहिलं. ही बाई आपल्या घरात कधी आली होती? नर्सबाई सांगत होत्या की हे सटवीचं काम नाही. हा रोग मातीत असतो, शेणखतात असतो, आणि ज्या हत्याराने नाळ कापतात त्यावर बसून तो बाळाच्या अंगात शिरतो. बेंबीला राख लावली, तर तिच्यातूनही शिरतो. विळा असो, पातं असो, बांधायचा दोरा असो, अर्धा तास खळखळ उकळा. हात साबणाने धुवा. बेंबीला काही लावू नका. बस, एवढंच. एवढ्यासाठी बाळं मरतात.

पंचफुलेला आठवला तो विळा. गोमतीबाईचा स्वतःचा विळा बोथट होता म्हणून दोन्ही वेळा पंचफुलेनेच आपला दिला होता. सकाळी वांग्यांचे देठ कापलेला, खतात रोवून ठेवलेला, मातीने माखलेला. लुगड्याच्या सोग्याला पुसून तिने तो दिला होता, आणि वर म्हणाली होती की हिवरीत याच्याएवढी धार कोन्याच विळ्याले नाई. म्हणताना तिला अभिमान वाटला होता.

त्या दिवशी परतताना दमणीत ती एक शब्द बोलली नाही. गडी घाबरून दोनदा विचारायला आला की पाटलीनबाई बऱ्या हायेत ना.

रोज संध्याकाळी तिला मनकर्णाबाईंपुढे बसून दिवसभराचं सगळं सांगावं लागे. ते पाटलांनी ठरवलेलं नव्हतं, मनकर्णाबाईंनीच हट्ट धरला होता. त्यांना वाचता-लिहिता येई, आणि त्या मुलाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर बारीक अक्षरात सगळं उतरवून घेत. अकरा पाटलिणींत मन लावून शिकणारी अशी ही एकच होती, आणि ती वर्गात नव्हती. पाचव्या दिवसाचं ऐकून त्यांनी टाक खाली ठेवला. त्यांना एक मुलगा होता. त्याच्याआधी एक मुलगी झाली होती, हे पंचफुलेला ठाऊक होतं. ती कितव्या दिवशी गेली, हे आज कुणी कुणाला विचारलं नाही.

आता पंचफुलेचं पाटलीणपण संपलं होतं आणि खरं काम सुरू झालं. ते काम म्हणजे गोमतीबाई.

गोमतीबाई सत्तरीला टेकलेली, वाळक्या बोरासारखी सुरकुतलेली. हिवरीतली पन्नाशीच्या आतली सगळी माणसं तिच्या हातात जन्मली होती, पाटीलसुद्धा, आणि त्यांना पहिली चापट आपणच मारली याची ती अधूनमधून आठवण करून देई. बाळंतिणीच्या खोलीत तिचा शब्द चाले. सासू, आई, कुणीही आत फिरकायचं नाही. दुसरी सुईण पाच कोसांत नव्हती. पंचफुलेने आधी वांगी नेऊन दिली, मग हवापाण्याचं बोलली, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं की यंदा विळा उकळून घेतला तर.

हलवाई मिठाईवर बसलेल्या माशीकडे पाहतो, तसं गोमतीबाईने तिच्याकडे पाहिलं. “विळा उकळला तं त्याचं पानी उतरते,” गोमतीबाई म्हणाली. “बिनपान्याच्या लोखंडाले सटवी भेत नाई. तुले कोनं सांगतलं हे?”

इथेच पंचफुला अडली. सांगणार काय? शपथ विहिरीची होती, आणि विहीर आटली तर मळा गेला. ती म्हणाली, बाजारात ऐकलं. गोमतीबाई म्हणाली की बाजारात ऐकून वांगे इक, बाळंतपन नोको करू. आणि माझ्या कामात नाक खुपसणार असशील तर या वेळी तूच काढ लेकरू, मी येत नाही.

तीनदा गेली, तीनदा हेच. माघ गेला, फाल्गुन गेला. जिला माहीत होतं तिचं कुणी ऐकत नव्हतं, आणि जिचं सगळ्यांनी ऐकलं असतं ती पडद्यात होती. अंजनाची बोटांची पेरं संपत आली होती. ती आता मोजतही नसे, नुसती बसे.

चैत्रात, पाडवा झाल्यावर, कागदाचं शेपूट आलं. शिकून आलेल्या प्रत्येक पाटलिणीने आपल्या गावच्या बायकांना आणि सुइणीला जमवून जे शिकली ते सांगायचं, आणि नायब तहसीलदार समोर बसून ऐकणार. हे कागदाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं म्हणे, पण मारोतरावांनी दुसरंच पान वाचलं होतं. शेवटी पाटलांच्या ओसरीवर जाड पडदा टांगला गेला. पडद्याआड मनकर्णाबाई वही घेऊन, आणि त्यांना वारा घालायला पंचफुला. अंगणात हिवरीच्या सगळ्या बायका. पुढे, पाय पसरून, गोमतीबाई. बाजूला खुर्चीवर नायब तहसीलदार. ते सागरकडचे, हिंदी मुलखातले, मराठी त्यांना कागदावरची येई, तोंडातली येत नसे.

मनकर्णाबाईंनी वाचायला सुरुवात केली. वहीत सगळं अचूक होतं. पण सोळा वर्षं ज्या आवाजाला घरातली चार माणसं सोडून कुणापर्यंत जावं लागलं नव्हतं, तो पडद्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. पहिल्या ओळीतल्या बायकांना काहीतरी कुजबुजल्यासारखं ऐकू आलं. मागच्या ओळीने आपल्या गप्पा सुरू केल्या. नायब तहसीलदारांनी कान पुढे केला. मनकर्णाबाईंच्या कपाळावर घाम आला, तरी त्या वाचत राहिल्या. आठवा दिवस, विळा, राख. एवढे तीन शब्द मात्र गोमतीबाईच्या कानावर गेले. कोणते शब्द ऐकायचे ते तिला पक्कं कळे.

ती उठून उभी राहिली. पाटलिणीपुढे कुणी असं उभं राहत नसे.

“पाटलीनबाई, एक इचारू का?” ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, त्यापेक्षा वाईट होता. “या गावातले इतके लेकरं माह्या हातावर आले. कितीक आठव्या दिवशी गेले, त्याईचं तोंड अजून मले दिसते. तुमची पोरगी बी माह्याच हातातली. तं तुमचं म्हननं, मी मारले का ते?”

पडद्याआड मनकर्णाबाईंनी वही मिटली. याचं उत्तर नर्सबाईंनी फळ्यावर लिहिलं नव्हतं. हो म्हणावं तर म्हातारी मोडणार. नाही म्हणावं तर विळा तसाच राहणार.

पंचफुलेने हातातला पंखा खाली ठेवला. समोर पडदा होता, त्यापलीकडे ती म्हातारी, आणि कुठेतरी भिंतीला टेकून बसलेली अंजना. विहिरीचं काय व्हायचं ते होवो, असं तिने ठरवलं की ठरवायच्या आधीच तोंड उघडलं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

“तुह्या हातानं नाई मेले वं गोमते,” पडद्यातून आवाज आला, आणि मागच्या ओळीतली शेवटची बाई दचकली. “तुहे हात सोन्याचे. विळ्यानं मेले. आन तो विळा कोनं देल्ला होता? म्या देल्ला. खतात रोवेल विळा उपटला, लुगड्याले पुसला, आन तुह्या हातात देल्ला. धार पाह्य म्हनलं. माह्ये दोन नातू म्या मारले. तू नाई.”

हा आवाज हिवरी रोज सकाळी ऐकत होती. सगळ्या बायकांनी एकदम पडद्याकडे पाहिलं, मग एकदम एकमेकींकडे, आणि मग पदराचे बोळे करून तोंडात घातले. मारोतरावांनी जमिनीकडे पाहायला सुरुवात केली, ती सभा संपेपर्यंत. अंजनाने तेवढं भिंतीवरून डोकं उचललं. नातवांविषयी सासूच्या तोंडून शब्द निघालेला ती पहिल्यांदाच ऐकत होती.

आता बोलायला लागलेलीच होती, तर पंचफुलेने सगळंच सांगून टाकलं. अर्धा तास, खळखळ. हात साबणानं. राख नाई. मनकर्णाबाई शेजारून, एखादी गोष्ट राहिली की, वहीतल्या ओळीवर बोट ठेवत होत्या. पंचफुलेला वाचता येत नव्हतं, पण बोट आलं की काहीतरी राहिलं आहे, एवढं तिला कळे, आणि ती बरोबर तेच आठवी.

नायब तहसीलदार फार खूश झाले. पाटलीणबाई स्थानिक बोलीत, घरगुती दाखले देऊन, फार परिणामकारक बोलल्या, असं त्यांनी लिहून घेतलं. चाळिशीही न गाठलेली, एकच मुलगा असलेली पाटलीण नातवांचा दाखला कसा देते, हे त्यांना खटकलं नाही. सरकारी माणसाला आकडा जुळला की पुरतो. गावाने तो जुळू दिला. पाचशे माणसांना ठाऊक असलेलं हे गुपित हिवरीच्या शिवेबाहेर कधी गेलं नाही. पाटलांच्या अब्रूसाठी म्हणा, किंवा इतकी चांगली गोष्ट दुसऱ्या गावाला कशाला द्या म्हणून म्हणा. आणि विहीरही आटली नाही. शपथ पाटलांनी घातली होती, विहिरीला बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं.

पण गोमतीबाई पानसुपारी न घेता निघून गेली. बारा दिवस ती पंचफुलेच्या दारावरून गेली नाही, पाणी भरायला लांबच्या वाटेने जाई. पंचफुलेने विळा उकळायला नवं भगुनं आणून ठेवलं, साबणाची वडी आणली, विळा घासून घासून आरशासारखा केला. ते वापरणारी येईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

तेराव्या दिवशी दुपारी अंजनाच्या पोटात कळा सुरू झाल्या. रामकिसन बैल घेऊन रिसोडला गेलेला. पंचफुला स्वतः निघाली. उन्हात पायाखालची माती भाजत होती. गोमतीबाई दारात बसून सुपात तूर पाखडत होती. पंचफुला समोर उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

गोमतीबाईने सूप दोनदा झटकलं. टरफलं उडाली.

“पानी ठेवलं का?” तिने विचारलं.

“ठेवलं.”

“उकळी आली?”

“माह्या पावलाबरोबर आली असन.”

गोमतीबाई उठली. वाटेत ती एवढंच बोलली, “यंदा तू बी आत येजो. काई झालं तं दोघीच्याई हातानं होईन. मी एकटी नाई घेत आता.”



आत गेल्यावर गोमतीबाईने जे केलं त्याला नर्सबाईंच्या वर्गात जागा नव्हती. तिने विळा उकळला, दोरा उकळला, आणि मग जे हाती लागेल ते भगुन्यात टाकायला लागली. स्वतःच्या बांगड्या टाकल्या. पंचफुलेच्या काढायला लावल्या. दाराची कडी निघत असती तर तीही गेली असती. हात धुताना साबणाची अर्धी वडी संपली. नथ्थू बाहेर लाकडं पुरवून पुरवून थकला आणि त्याने विचारलं, बाळंतपण आहे की गुऱ्हाळ. लग्नानंतरचं त्याचं हे सगळ्यांत लांब वाक्य.

ऊन कलायच्या आत मुलगी झाली. बेंबीला काही लावलं नाही. गोमतीबाईचा हात सवयीने राखेकडे गेला, थांबला, आणि तिने तो आपल्याच गुडघ्याखाली दाबून ठेवला.

सहाव्या दिवशी सटवीची पूजा झाली, अगदी साग्रसंगीत. तिच्याशी उगाच वैर कशाला? त्या दिवशी अंजनाने मुलीला पाजायला घेतलं तेव्हा सगळं घर काहीतरी काम आहे असं दाखवत आसपास उभं होतं. मुलगी पीत होती. सातव्या दिवशीही प्याली. आठव्या दिवशी पहाट फुटल्याबरोबर गोमतीबाई येऊन बसली, न बोलावता. मनकर्णाबाईंनी निरोप्या दोनदा पाठवला, मग तिसऱ्यांदा. पंचफुला त्या दिवशी बाजाराला गेली नाही. टोपलीतली वांगी तशीच राहिली.

दुपारी मुलगी रडायला लागली. आधी कुरकुर, मग तोंड पूर्ण उघडून, लाल होऊन, सगळं अंग ताणून. हिरड्या दिसत होत्या, पडजीभ दिसत होती. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं की लेकराला घेत का नाही. नथ्थू उठला. गोमतीबाईने हाताने त्याला बसवलं.

“रडू दे,” ती म्हणाली.

तिघी जणी त्या उघड्या तोंडाकडे पाहत बसल्या. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही. मग अंजनाने तिला उचललं, पदराखाली घेतलं, आणि दूध ओढण्याचा चुटूचुटू आवाज येऊ लागला. अंजना भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्याच झोपून गेली.

नवव्या दिवशी सकाळी गोमतीबाई पुन्हा आली. सुताराच्या घरून बोलावणं आलं होतं, आणि तिथे विळा उकळायला धड भांडं नव्हतं. तिने चुलीवरचं भगुनं उचललं, आतलं वरण कढईत उपडं केलं आणि भगुनं पदराने पुसून काखेत मारलं.

“ते वरनाचं हाये वं,” पंचफुला म्हणाली.

“वरनाले दुसरं पाह्य,” गोमतीबाई म्हणाली, आणि उंबरा ओलांडून सुताराच्या आळीकडे चालू लागली.